न राहिलेला भाडेकरू

ब्रानच्या किल्ल्यात ड्रॅक्युला कधीही राहिला नाही. हे किल्ल्यातले वाटाडे सांगतात, माहितीपुस्तकं सांगतात, इतिहासकार तर अगदी कळवळून सांगतात. माणसं ऐकतात, समजल्यासारखी मान डोलावतात, खाली बाजारात उतरतात आणि ड्रॅक्युलाचे सुळे छापलेला मग घेऊन घरी जातात. मुंबईत पागडीचा भाडेकरू जागा सोडत नाही म्हणून मालकाच्या तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. ब्रानमध्ये भाडेकरू राहायलाच आलेला नाही, तरी दारावर पाटी त्याच्या नावाची आणि भाडं महिन्याच्या महिन्याला चोख. असा भाडेकरू मिळायलाही नशीब लागतं.

रोमानियातल्या ब्राशोव शहरातून बस निघते, डोंगर जवळ येऊ लागतात आणि कड्यावर बसलेला किल्ला अचानक समोर येतो. पांढऱ्या भिंती, लाल कौलं, टोकदार बुरूज. चित्रात काढतात तसा. आमची बस एकदम गप्प झाली. नारायण धारपांच्या कादंबऱ्या पांघरुणात टॉर्च लावून वाचलेली बरीच मंडळी बसमध्ये होती, त्यांच्या मानेवर काटा यायला एवढं पुरेसं होतं. पण तो काटा टिकेना. ऊन लख्ख पडलं होतं, खाली हिरवळीवर शाळेची पोरं खाऊवरून भांडत होती, आणि बुरुजावर वटवाघूळ सोडाच, साधं कबूतरही नव्हतं.

“एवढासाच?” आमच्या गटातल्या एक काकू म्हणाल्या. भुताचा बंगला बघायला म्हणून त्या सहा महिने पैसे बाजूला टाकत होत्या.

काकूंच्या यजमानांना मात्र भुतात रस नव्हता. हे काका मुंबईच्या जकात नाक्यावर नोकरी करून निवृत्त झालेले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात संपली, त्या दिवसाचा उल्लेख ते घरातलं कोणी गेल्यासारखा करतात. नाके गेले, पण ‘मुलुंड चेकनाका’ हे बसच्या पाटीवर अजून आहे, एवढ्यावर ते समाधान मानतात. युरोपच्या सहलीत त्यांनी आयफेल टॉवरकडे ज्या चेहऱ्याने पाहिलं होतं, त्याच चेहऱ्याने ते ब्रानच्या पायऱ्या चढत होते. मग आतल्या चौकात, विहिरीपाशी, वाटाड्या मुलीने सांगितलं की हा किल्ला मुळात जकात वसुलीसाठी होता. काकांनी टोपी काढली.

ती म्हणत होती ते खरंच आहे. १९ नोव्हेंबर १३७७ या तारखेला हंगेरीचा राजा लायोश पहिला याच्या दरबारातून ब्राशोवच्या रहिवाशांना इथे किल्ला बांधायची परवानगी मिळाली. परवानगी अशी, की दगड तुमचे, मजूर तुमचे, खर्च तुमचा. राजे लोक उदार असतात ते असे. ब्राशोवचे हे रहिवासी म्हणजे ट्रान्सिल्वेनियात येऊन वसलेले जर्मनभाषक सॅक्सन व्यापारी. त्यांनी दहाएक वर्षांत काम पुरं करून दाखवलं, कारण त्यात त्यांचा धंदा होता. ट्रान्सिल्वेनियातून दक्षिणेकडे वालाकियात उतरणारी वाट या खिंडीतून जाते. जो माल इकडून तिकडे किंवा तिकडून इकडे जाईल, त्याचे तीन टक्के इथे ठेवायचे. तुर्क चाल करून आले तर त्यांनाही इथेच अडवायचं. म्हणजे एकाच इमारतीत संरक्षण खातं आणि अर्थ खातं. पुढे एका राजाला पैशांची चणचण भासली आणि १४९८ मध्ये हा किल्ला ब्राशोवकरांकडेच गहाण पडला. स्वतःच्या पैशाने बांधलेली वास्तू स्वतःकडेच गहाण ठेवून घेण्याचा मान फार थोड्या नगरपालिकांना मिळाला असेल.

काकांनी हात वर केला. “मॅडम, तीन टक्के मालातून की किमतीवर?”

मुलगी थबकली. शवपेटी कुठे आहे, लसूण चालते का, रात्री इथे काय होतं, असले प्रश्न तिला रोज येत असणार आणि त्यांची उत्तरं तिला झोपेतही देता आली असती. हा प्रश्न नवा होता.

“मालातून असावेत,” ती म्हणाली.

“मग नाशवंत माल? मासे आले, दूध आलं, तर तीन टक्के ठेवणार कुठे? गोदाम दाखवा ना.”

“अहो, पुढे चला,” काकू म्हणाल्या. “मागे माणसं खोळंबलीत.”

खोळंबली होतीच. ब्रानमध्ये जिने अरुंद, दरवाजे ठेंगणे आणि वाट एकेरी. एकदा आत शिरलं की पुढच्याच्या पाठपिशवीवर नाक टेकवून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत सरकायचं. तुर्कांची फौज आत आली असती तरी पहिल्या मजल्यावर रांगेत अडकून पडली असती. पहिल्या आणि तिसऱ्या मजल्याला जोडणारा एक गुप्त जिना आहे, तो १९२०च्या दशकात दुरुस्तीच्या वेळी सापडला. आता त्यातून दिवसभर माणसं चढतात आणि त्याच्यापुढे फोटोसाठी रांग लागते.

आता हा भाडेकरू इथे आला कसा, ते सांगायला हवं. ब्रॅम स्टोकर हा आयरिश गृहस्थ लंडनच्या लायसियम थिएटरचा व्यवस्थापक होता. १८९०च्या उन्हाळ्यात तो इंग्लंडच्या किनाऱ्यावर विट्बी नावाच्या गावी सुट्टीला गेला. तिथल्या वाचनालयात त्याला विल्यम विल्किन्सन याचं वालाकिया आणि मोल्दाविया या संस्थानांवरचं १८२०चं पुस्तक मिळालं, आणि त्या पुस्तकात ‘ड्रॅक्युला’ हे नाव सापडलं. तोवर त्याच्या टिपणांत खलनायकाचं नाव होतं काउंट वॅम्पिर. म्हणजे खाटकाने दुकानावर नुसती ‘खाटीक’ अशी पाटी लावावी त्यातला प्रकार. नवं नाव मिळालं आणि माणसाचं भलं झालं. कादंबरी १८९७ साली आली. स्टोकर रोमानियात कधीही गेला नाही. त्याने आपल्या काउंटचा किल्ला बोर्गो खिंडीजवळ ठेवला, आणि ती खिंड ब्रानपासून पार उत्तरेला, नकाशावर दुसऱ्या टोकाला आहे. त्या खिंडीत १९८३ मध्ये ड्रॅक्युलाच्या नावाचं एक हॉटेल मात्र बांधलं गेलं. म्हणजे कादंबरीच्या पत्त्यावर किल्ला नाही म्हणून हॉटेल, आणि किल्ला आहे तिथे कादंबरीचा पत्ता नाही. टपाल खात्याने काय करावं?

ज्याच्यावरून हे नाव आलं तो व्लाद मात्र खरा. पंधराव्या शतकातला वालाकियाचा राजा व्लाद तिसरा. बाप ‘ऑर्डर ऑफ द ड्रॅगन’ या सरदारांच्या संघाचा सभासद, म्हणून त्याला द्राकुल म्हणत, आणि मुलगा म्हणून हा द्राकुला. शत्रूला सुळावर देण्याची याला फार हौस. गंमत अशी, की त्याचं सगळ्यात वाकडं कोणाशी असेल तर ते ब्राशोवच्या सॅक्सन व्यापाऱ्यांशी. त्यांच्या व्यापारावर त्याने बंधनं घातली, त्यांच्या मुलखावर चाल केली, कित्येकांना सुळावर दिलं. व्यापाऱ्यांपाशी तलवारी कमी होत्या, पण जर्मनीत छापखाने नुकतेच सुरू झाले होते. व्लादच्या क्रौर्याच्या गोष्टींची चोपडी तिथे छापली गेली आणि धडाधड खपली. १४९९च्या न्यूरेंबर्ग आवृत्तीच्या मुखपृष्ठावर तो सुळावरच्या प्रेतांच्या मधोमध बसून निवांत जेवताना दाखवला आहे. बदनामीच्या धंद्यात इतकं टिकाऊ काम क्वचितच झालं असेल.

थोडक्यात, ज्यांनी पदरच्या पैशाने ब्रान बांधला, त्यांचा हा जन्माचा वैरी. आज त्यांच्या त्या वास्तूला सगळं जग त्याचं घर म्हणून ओळखतं. भाऊबंदकीत वाडा हरलेल्या माणसाचं दुःख आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, पण शत्रूने कोर्टात न जाता, जागेत पाऊल न ठेवता, मेल्यावर काही शतकांनी घर बळकावलं, हा दावा कुठल्या वकिलाकडे न्यावा?

व्लादचा खरा किल्ला पोयनारी. तो आर्जेश नदीच्या खोऱ्यात डोंगरमाथ्यावर आहे, १४८० पायऱ्या चढाव्या लागतात, आणि १८८८ मध्ये दरड कोसळून त्याचा काही भाग खाली गेला. तिथे लिफ्ट नाही आणि उरलेल्या भिंतींना छप्पर नाही. सहल कंपन्यांनी हा सगळा विचार केला आणि व्लादला ब्रानमध्ये हलवलं, हे मला व्यवहाराला धरून वाटतं. सत्तर वर्षांच्या माणसाला १४८० पायऱ्या चढवून इतिहास खरा करण्यापेक्षा इतिहासालाच थोडं बसस्टॉपजवळ आणलेलं बरं.

१९७२ मध्ये रेमंड मॅकनली आणि रादू फ्लोरेस्कू या दोन प्राध्यापकांचं ‘इन सर्च ऑफ ड्रॅक्युला’ हे पुस्तक गाजलं आणि पाश्चात्त्य पर्यटक शोधाला निघाले. त्या काळी रोमानियात कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूचं राज्य. सरकारच्या लेखी व्लाद हा देशासाठी तुर्कांशी लढलेला वीर होता. १९७६ मध्ये त्याच्या मृत्यूला ५०० वर्षं झाली म्हणून तिकीट काढलं गेलं, १९७९ मध्ये त्याच्यावर भव्य चित्रपट आला. त्या सिनेमात तो कोणाच्या मानेला तोंड लावत नाही. इकडे राष्ट्रपुरुषाचं चरित्र आणि तिकडे विमानतळावर उतरून “कुठे आहे तो रक्तपिपासू?” विचारणारे डॉलरवाले पाहुणे. सरकारी वाटाड्यांचे त्या दशकात काय हाल झाले असतील याची कल्पना करवत नाही. पुढे २००१ मध्ये सिगिशोआरा या जुन्या गावाजवळ चक्क ‘ड्रॅक्युला पार्क’ उभारायचा बेत सरकारनेच जाहीर केला. युनेस्को चिंतेत पडली आणि ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स विरोधात उतरले. हे चार्ल्स स्वतःला व्लादच्या वंशातले म्हणवतात, म्हणजे हरकत घ्यायचा त्यांना घरचा हक्क होता. बेत बारगळला.

एवढ्या गदारोळात जी बाई खरोखर या घरात राहिली, तिच्या खोल्यांतून रांग भराभर पुढे सरकते.

ती रोमानियाची राणी मारिया. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीची नात, जन्म केंटचा. पहिल्या महायुद्धानंतर ट्रान्सिल्वेनिया रोमानियात आला, सरहद्द पुढे सरकली आणि ब्रानच्या नाक्याला काम उरलं नाही. पडका, जुना, कामाचा नसलेला किल्ला १९२०च्या १ डिसेंबरला ब्राशोव शहराने ठराव करून राणीला भेट दिला. नगरपालिका असल्या भेटी का देतात हे समजायला फार हुशारी लागत नाही. पण राणी त्या किल्ल्याच्या प्रेमातच पडली. कारेल लिमान या वास्तुविशारदाला हाताशी धरून तिने तो राहता केला, खिडक्या उघडल्या, बाग लावली, खाली चहासाठी घर बांधलं. १९३२ मध्ये ओढ्यावर टर्बाइन बसवून किल्ल्यात वीज आणली आणि ती आसपासच्या गावांनाही दिली. पुढे संधिवाताने जिने चढवेनात, तेव्हा चौकातल्या विहिरीच्या पोटात लिफ्ट बसवली. शत्रूच्या वेढ्यात पाणी पुरावं म्हणून खणलेली विहीर आणि तिच्यातून गुडघेदुखीची राणी बागेत उतरते आहे. मला विचाराल तर सबंध किल्ल्यातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच.

“बघा,” काकू विहिरीत डोकावून म्हणाल्या, “आणि आपल्या सोसायटीला लिफ्टचा ठराव करायला अकरा वर्षं लागली.”

राणीच्या मरणानंतरची गोष्ट तर स्टोकरलाही सुचली नसती. १९३८ मध्ये ती गेली. तिच्या इच्छेप्रमाणे हृदय वेगळं काढून चांदीच्या डबीत ठेवलं आणि काळ्या समुद्राच्या काठी बाल्चिक इथल्या तिच्या लाडक्या प्रार्थनाघरात नेलं. दोन वर्षांत बाल्चिक बल्गेरियाकडे गेलं, तेव्हा हृदय उचलून ब्रानला आणलं आणि पुढे किल्ल्यासमोरच्या कड्यात कोरलेल्या कोनाड्यात ठेवलं. कम्युनिस्ट आले. १९७१ मध्ये हृदय बुखारेस्टच्या इतिहास संग्रहालयात जमा झालं, दप्तरी नोंद होऊन. शेवटी २०१५ मध्ये ते पेलिशोरच्या राजवाड्यात, ज्या खोलीत ती गेली त्याच खोलीत, परत ठेवण्यात आलं. चांदीची डबी, कड्यातला कोनाडा, सरहद्दीवरून पळवून आणलेलं काळीज. यातला शब्द न् शब्द खरा. पण मगवर छापायला सुळे सोपे पडतात.

राणीनंतर किल्ला मुलीकडे, राजकन्या इलियानाकडे आला. युद्धात तिने ब्रानमध्ये जखमींसाठी इस्पितळ चालवलं आणि त्याला आईच्या हृदयाचं नाव दिलं. १९४८ च्या सुमाराला राजघराण्याला देश सोडावा लागला, किल्ला सरकारजमा झाला, १९५६ मध्ये संग्रहालय झाला. इलियाना पुढे अमेरिकेत जोगीण झाली आणि पेनसिल्व्हेनियात तिने मठ काढला. २००६ मध्ये सरकारने किल्ला तिच्या वारसांना, म्हणजे डॉमिनिक फॉन हाब्सबुर्ग आणि त्यांच्या दोन बहिणींना परत केला. इतक्या वर्षांनी वडिलोपार्जित जागेचा ताबा मिळाला, तोही अशा भाडेकरूसकट. त्यांनी शहाणपणा केला आणि २००९ पासून खासगी संग्रहालय म्हणून दारं उघडली. वर राणीचं फर्निचर, बाजूला ड्रॅक्युलाची खोली. मालकांच्या शालीनतेला धक्का नाही, तिजोरीलाही नाही.

भाडेकरूचा उपयोग करून घेण्यात मात्र त्यांनी कसर ठेवलेली नाही. मे २०२१ मध्ये, कोरोनाच्या दिवसांत, शनिवार-रविवारी किल्ल्यावर लस टोचायची सोय झाली. वेळ ठरवून जायची गरज नाही, डॉक्टर-नर्सच्या अंगावर सुळ्यांचे स्टिकर, टोचून घेतल्यावर धैर्याबद्दल प्रशस्तिपत्र आणि वर किल्ल्यातली छळाची ५२ मध्ययुगीन हत्यारं फुकट पाहायला. म्हणजे, सुईला घाबरता का? मग हे बघा आमचे पूर्वज काय वापरत. लोकांच्या रांगा लागल्या. सुया टोचण्यासाठी ड्रॅक्युलाचं घर निवडणारा अधिकारी जो कोणी असेल, त्याची बढती व्हायला हवी.

त्याआधी २०१६च्या हॅलोविनला एका घरभाड्याच्या कंपनीने स्पर्धा लावली होती. जिंकणाऱ्या दोघांना किल्ल्यात रात्र काढायची, झोपायला मखमल लावलेल्या शवपेट्या, जेवायला कादंबरीतल्यासारखी पॅप्रिकाची कोंबडी, आणि लसूण न आणण्याची अट. राजघराणं गेल्यापासून तिथे कोणी रात्री झोपलं नव्हतं. जिंकली कॅनडातली एक बहीण-भावाची जोडी. त्यांचे आजोबा देवेंद्र वर्मा. बिहारमधल्या दरभंग्याचा हा माणूस कॅनडात इंग्रजीचा प्राध्यापक झाला, भयकथांचा जगन्मान्य अभ्यासक झाला आणि १९७१ मध्ये याच ब्रानला येऊन गेला होता. हे मी काकूंना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा खूश झाल्या. “म्हणजे शेवटी आत झोपलं कोण? आपलीच माणसं!”

खालचा बाजार हा ब्रानचा खरा दरबार. लाकडी गदा, प्लॅस्टिकचे सुळे, व्लादचा मिशीवाला चेहरा छापलेले टी-शर्ट, मेंढीच्या लोकरीचे मोजे, आणि याच्या मधोमध त्या डोंगरातल्या बायका फरच्या झाडाच्या सालीत बांधलेलं चीज घेऊन बसलेल्या. चिजाला धुराचा आणि झाडाचा असा काही वास येतो, की बाकीचा सगळा बाजार विसरावा. बाई सुरीच्या टोकावर तुकडा पुढे करते, बोलत नाही, नुसती आपल्या तोंडाकडे बघत राहते. मोल करायची तिची हीच पद्धत, आणि ती हरत नाही. ड्रॅक्युलाच्या नावाने आलेला पैसा इथे मेंढ्यांपर्यंत पोचतो, हे पाहून मला त्या काउंटबद्दल पहिल्यांदा आदर वाटला.

काकूंनी नातवासाठी सुळे घेतले आणि घरासाठी चिजाचे दोन मोठे गोळे. काका बाजारात नव्हते. किल्ल्याच्या पायथ्याशी जुनं जकातघर अजून उभं आहे, ते तिथे सापडले. आमच्या गटातलं दुसरं कोणी तिकडे फिरकलंही नव्हतं. काका दारात उभे राहून रस्ता कुठून येतो, गाडी कुठे थांबत असेल, चुकवून न्यायची तर कुठून नेतील, हे हातवारे करून स्वतःलाच समजावत होते. “जागा अचूक आहे,” ते म्हणाले. “एका बाजूला कडा, एका बाजूला ओढा. दहिसरला आम्हाला असं काही मिळालं नाही. तिथे माणूस चारी बाजूंनी पसार.”

परतीच्या विमानात त्यांना झोप नव्हती. सामानात चीज आहे, ते कस्टमला सांगावं की नाही? काकू म्हणत होत्या, खायची वस्तू, कोण विचारतंय. काका म्हणत होते, तीस वर्षं नाक्यावर काढलेल्या माणसाने हे बोलणं ऐकून घ्यायचं? मुंबईला उतरल्यावर ते ताठ मानेने, चिजाची पिशवी छातीशी धरून, लाल पट्ट्याच्या रांगेत जाऊन उभे राहिले. अधिकाऱ्याने पिशवीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, जांभई दिली आणि हाताने ‘जा’ म्हणून सांगितलं.

काका बाहेर आले ते अपमान झाल्यासारखे. “पिशवी उघडलीसुद्धा नाही,” ते टॅक्सीच्या रांगेत म्हणाले. “त्या लोकांनी सहाशे वर्षांपूर्वी तीन टक्के ठेवून घेतले असते. निदान कापून तरी बघायचं.”

“चला घरी,” काकू म्हणाल्या, “मी घेते कापून.”